छोटी अणुभट्टी कोराडीत बसेल का? अंतरांचे नियम आणि नागपूरच्या जागा

कन्हानकाठ
जुने औष्णिक संच बंद होतील तिथे छोट्या अणुभट्ट्या बसवायच्या, ही कल्पना आता कागदावर आली आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये ठेवले आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी भट्ट्या चालू करायचं ठरलं. त्याआधी ३१ डिसेंबर २०२४ ला सरकारी अणुवीज कंपनी एनपीसीआयएलने २२० मेगावॅटच्या भारत स्मॉल रिअ‍ॅक्टरसाठी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. नागपूरजवळ असा काही प्रस्ताव आहे असं मी म्हणत नाही. पण नियम समजून घ्यायला ओळखीची जागा बरी पडते, म्हणून कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही तीन औष्णिक केंद्रं घेऊन बोलू.

"भट्टी छोटी, मग अंतरही छोटं" असं सरसकट बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे. अंतर एक नसतं, तीन असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

पहिलं एक्स्क्लूजन झोन. यात वस्ती नाही आणि जमीन पूर्णपणे प्रकल्पाच्या ताब्यात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या (एईआरबी) १९९० च्या संहितेत हे दीड किमी होतं, २०१४ च्या सुधारित संहितेत किमान १ किमी आहे. दुसरं ५ किमीचं. याला आधी स्टरिलाइज्ड झोन म्हणत, आता नॅचरल ग्रोथ झोन म्हणतात. गावं राहतात, नैसर्गिक वाढ चालते, पण नवीन मोठी वस्ती किंवा कारखाना आणायचा नाही. तिसरं १६ किमीचं आणीबाणी नियोजन क्षेत्र. तिथे बांधकामाला बंदी नसते, पण लोकांना घरात थांबवायची, आयोडीनच्या गोळ्या द्यायची आणि हलवायची योजना तयार लागते.

छोट्या भट्टीमुळे यातलं नेमकं कोणतं अंतर कमी होतं, हे आधी ठरवू.

थर्मलवाले_आबा
चांगला धागा. जमिनीचा हिशोब आधी मांडतो, कारण सगळा दबाव तिथूनच येतो.

दीड किमी त्रिज्या म्हणजे ७०७ हेक्टर. १ किमी म्हणजे ३१४ हेक्टर. अर्धा किमी म्हणजे जेमतेम ७८ हेक्टर, एकरात १९४. त्रिज्या निम्मी केली की जमीन चौथ्या हिश्शावर येते. पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला स्वतःच्या आवारात भट्टी हवी असेल तर ३१४ हेक्टर रिकामी ठेवणं त्याला परवडत नाही. म्हणून छोट्या भट्टीच्या चर्चेत सगळ्यात आधी एक्स्क्लूजन झोनवर हात जातो.

आणि हे अंतर कुंपणापासून मोजत नाहीत, भट्टीपासून मोजतात. दोन भट्ट्या एकमेकींपासून ४०० मीटर लांब असतील तर वर्तुळं दोन होतात, क्षेत्रफळ वाढतं.

गणितसांज
१ किमीवरून अर्ध्या किमीवर यायचं तर भट्टीत काय बदलावं लागतं, हे साध्या आकड्यांत दाखवते.

अपघातात हवेत सुटलेला पदार्थ लांब जाताना पातळ होतो. सगळ्यात वाईट हवामान म्हणजे स्थिर रात्र, पास्क्विल वर्गीकरणातला एफ वर्ग, वारा सेकंदाला १ मीटर. जमिनीलगत सुटलेल्या झोताच्या अगदी मध्यावर विरळतेचा गुणक (सुटलेल्या पदार्थाचं तिथल्या हवेत किती प्रमाण उरतं ते) अर्ध्या किमीवर साधारण ०.००२ सेकंद प्रति घनमीटर येतो आणि १ किमीवर साधारण ०.०००७. म्हणजे अंतर निम्मं केलं की माणसाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा तिपटीच्या आसपास जाते. दुप्पट नाही, कारण झोत आडवा पसरतो तसा उभाही पसरतो.

आता भट्टीकडे या. ७०० मेगावॅटच्या आपल्या भट्टीत साधारण २,१७० मेगावॅट उष्णता तयार होते, २२० च्या भट्टीत ७५० ते ८००. आयोडीन-१३१ सारख्या कमी आयुष्याच्या पदार्थांचा साठा थेट या उष्णतेच्या प्रमाणात असतो. २२० मध्ये तो ७०० च्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. सुटण्याचं प्रमाण सारखं धरलं, तर २२० ची भट्टी अर्ध्या किमीवर आणि ७०० ची १ किमीवर, मात्रा जवळपास सारखीच येते.

"भट्टी छोटी, अंतर छोटं" यात खरेपणा आहे तो एवढाच. आणि तो एकाच भट्टीपुरता आहे. त्याच आवारात तीन २२० उभ्या केल्या आणि एकाच कारणाने तिन्ही अडचणीत आल्या, तर तुम्ही पुन्हा १ किमीवर येता. २०११ मध्ये फुकुशिमात एका लाटेने तीन भट्ट्यांचं इंधन वितळवलं होतं.

पळसफूल
ताई, हा शेवटचा परिच्छेद छापून ठेवावा असा आहे. छोट्या भट्ट्यांचा सगळा आर्थिक हिशोबच एका जागी अनेक बसवण्यावर चालतो. नुस्केल या अमेरिकी कंपनीची रचनासुद्धा ७७ मेगावॅटचे चार, सहा किंवा बारा संच एका इमारतीत अशी आहे. जागा मागताना एक संच दाखवायचा आणि पुढे चार आणायचे, असं होऊ नये. पहिल्या अर्जातच शेवटचा आकडा लिहून घ्यायला हवा.

वीजवाहक
पण अमेरिकेने २०२३ मध्ये नियम बदललाच ना? छोट्या भट्टीला १० मैलांचं आणीबाणी क्षेत्र लागत नाही, कुंपणापाशी संपवता येतं. आपण १६ किमी का धरून बसायचं?

गणितसांज
भाऊ, नियम नीट वाचला तर त्यात "कुंपणापाशी संपतं" असं कुठे नाही. पद्धत दिली आहे. अपघातांच्या सगळ्या शक्यता घ्यायच्या, ९६ तासांत १० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा कुठपर्यंत जाऊ शकते ते काढायचं, तिथपर्यंत क्षेत्र. उत्तर कुंपणाच्या आत आलं तर बाहेरच्या क्षेत्राची गरज नाही. टेनेसीतल्या क्लिंच रिव्हरच्या जागेला २०१९ मध्ये परवाना देताना दोन्ही पर्याय ठेवले होते, कुंपण आणि दोन मैल. कोणता लागू होईल हे भट्टी कोणती येते त्यावर.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) मार्गदर्शिकेतही उष्णतेनुसार पायऱ्या आहेत. १०० ते १,००० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीला तातडीच्या कृतीचं आतलं क्षेत्र अर्धा ते ३ किमी, बाहेरचं ५ ते ३० किमी. १० ते १०० मेगावॅटला आतलं क्षेत्र नाहीच, बाहेरचं अर्धा ते ५ किमी. आपली २२० वाली भट्टी वरच्या गटात बसते, खालच्या नाही. ५५ मेगावॅट विजेची देशी एसएमआर-५५ भट्टीसुद्धा उष्णतेत मोजली की १०० च्या वरच जाते. "छोटी" हा शब्द वीज बघून वापरतात, नियम उष्णता बघतो. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

वीजवाहक
हे माझ्या लक्षात नव्हतं. धन्यवाद.

पळसफूल
आता लोकसंख्या. १९९० च्या संहितेतल्या अपेक्षा अशा: ५ किमीत २०,००० पेक्षा कमी लोक. १० किमीत दहा हजारांवरचं गाव नको. १० किमीतली घनता राज्याच्या सरासरीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी. ३० किमीत एक लाखावरचं शहर नको.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता चौरस किमीला ३६५. दोन तृतीयांश म्हणजे २४३. नागपूर जिल्ह्याचीच सरासरी ४७०. म्हणजे जिल्ह्यात सरासरी जागा घेतली तरी ती निकषाच्या जवळपास दुप्पट भरते, सरासरीपेक्षा बरीच विरळ जागा शोधावी लागेल.

कोराडी तर लांबच. तिथून झिरो माइल, म्हणजे नागपूर शहराचा मध्य, सरळ रेषेत साधारण ११ किमी. नागपूर शहराची २०११ ची लोकसंख्या २४ लाखांवर, आणि १६ किमीचं वर्तुळ कोराडीवर ठेवलं तर शहराचा मोठा भाग आत येतो. खापरखेड्यावरून झिरो माइल साधारण १५ किमी, चार किमीने फरक पडत नाही. एक्स्क्लूजन झोन अर्धा किमी करा नाहीतर पाव किमी, या अडचणीला त्याचा काही उपयोग नाही, कारण ही अडचण तिसऱ्या वर्तुळाची आहे.

शिवाय कोराडीला देवीचं मंदिर आहे. नवरात्रात तिथे येणारी गर्दी जनगणनेत दिसत नाही. जागेच्या अभ्यासात फिरती लोकसंख्या वेगळी मोजावी लागते, आणि ती वर्षाच्या सरासरीने नाही, सगळ्यात गर्दीच्या दिवशीची.

थर्मलवाले_आबा
मौद्याचं गणित जास्त गुंतागुंतीचं आहे. तिथून झिरो माइल साधारण ३२ किमी. कोणी म्हणेल, ३० च्या बाहेर आहे, झालं. पण पारडीकडची शहराची हद्द त्यापेक्षा बरीच जवळ आहे. मग अंतर मोजायचं कुठून? अमेरिकेच्या नियमात याचं उत्तर आहे: दाट वस्तीच्या कडेपर्यंत मोजायचं, महापालिकेची राजकीय हद्द निर्णायक नाही. मला हेच योग्य वाटतं. भंडारा रस्त्याला वस्ती सरकत चालली आहे, आज ३० बाहेर दिसणारी जागा भट्टीच्या साठ वर्षांच्या आयुष्यात आत येणार.

दुसऱ्या बाजूला भंडारा शहर. २०११ मध्ये ९१ हजारांच्या आसपास, म्हणजे लाखाच्या आत. पुढच्या जनगणनेत आत राहील याची खात्री कोण देणार?

नकाशाकक्ष
५ किमीच्या वर्तुळावर कोणी फार बोललं नाही. प्रत्यक्षात सगळ्यात आधी तेच मोडतं.

एक्स्क्लूजन झोनची जमीन संपादित होते, कुंपण पडतं, पहारा बसतो. ५ किमीची जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. तिथली वाढ रोखायची कोणी? प्रकल्पाला तो अधिकार नाही. नियामकाला लेआउट नामंजूर करता येत नाही. तो अधिकार नियोजन प्राधिकरणाचा, आपल्याकडे महानगर क्षेत्रात नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (एनएमआरडीए). म्हणून ५ किमीची रेषा विकास आराखड्यात उतरली पाहिजे, गट नंबरांसह. नुसतं वर्तुळ काढून चालत नाही, कारण वर्तुळ शेताच्या मधून जातं आणि अर्धा गट आत, अर्धा बाहेर राहतो. गट पूर्ण आत धरायचा की पूर्ण बाहेर, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. तसं नसेल तर एनएच्या (बिगरशेती परवानगीच्या) प्रत्येक अर्जावर वाद होतो.

प्रकल्प आला की वस्ती ओढली जाते, ही दुसरी अडचण. कंत्राटी कामगार, खानावळी, भाड्याच्या खोल्या, मग शाळा. ज्या वाढीला बंदी करायची ती प्रकल्पच आणतो. यावर उपाय एकच: कामगार वसाहत ५ किमीच्या बाहेर, पहिल्या दिवसापासून, तात्पुरती म्हणूनसुद्धा आत नाही. बांधकामाच्या काळात आत बसलेली झोपडपट्टी नंतर कोणी उठवत नाही.

भूगर्भवाट
कोराडी-खापरखेड्याबद्दल जमिनीखालचं सांगतो. भूकंपाच्या दृष्टीने नागपूर शांत, वर्षानुवर्षं वापरात असलेल्या नकाशात झोन दोनमध्ये. पण हा भाग कामठी कोळसा क्षेत्रात येतो. सिल्लेवाडा, सावनेर इथे भूमिगत खाणी. खाली पोकळी असेल तर वर जमीन खचते, आणि खचणं खाण बंद झाल्यावरही अनेक वर्षांनी होतं. औष्णिक संच थोडं खचणं सोसून घेतो, पाइप पुन्हा जोडता येतात. भट्टीच्या इमारतीला असमान खचणं चालत नाही, कारण इंधन बदलणारं यंत्र आणि नळ्यांची तोंडं मिलिमीटरमध्ये जुळलेली असतात.

त्यामुळे जुन्या खाणींचे नकाशे हा पहिला कागद. जुने नकाशे अपुरे असतात, म्हणून बोअर घ्यावेच लागतात, आणि नुसते भट्टीखाली नाही तर खाणीच्या थराच्या उताराच्या दिशेने बाहेरही.

सक्रिय भ्रंश (जमिनीखालची हलणारी भेग) ५ किमीच्या आत असेल तर जागा बाद होते. तो नियम भट्टीच्या आकारावर अवलंबून नाही.

कन्हानकाठ
वरच्या बाजूचं पाणीही पाहायला हवं. पेंचवर तोतलाडोह आणि खाली नवेगाव खैरी. दोन्ही एकामागोमाग फुटले तर कन्हानच्या काठावर पाणी किती चढतं, हा हिशोब जागेच्या अहवालात लागतो. एक धरण फुटणं आणि वरचं फुटल्याने खालचं फुटणं, हे वेगवेगळे मांडायचे.

आणि उलट बाजू: इथून खाली काय जाईल? २०२२ च्या पावसाळ्यात कोराडी केंद्राच्या खसाळ्यातल्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी नाल्यातून कन्हानकडे गेलं. कन्हानवर नागपूरचं पिण्याचं पाणी उचललं जातं. आपली २२० वाली भट्टी जड पाण्याची आहे. अशा भट्टीत ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तयार होतं, अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि ते पाण्याचाच भाग होऊन वाहतं, गाळून निघत नाही. समुद्रकाठच्या जागेला जी सवलत मिळते ती नदीकाठी नाही. हवेचं वर्तुळ गोल असतं, पाण्याचं क्षेत्र नदीसारखं लांबट असतं. ते नकाशावर वेगळं काढलं पाहिजे.

जलमापक
पाण्याचे आकडे देतो, कारण "नागपुरात पाणी कुठे" हा प्रश्न नेहमी येतो.

२२० च्या भट्टीत ५५० मेगावॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. कूलिंग टॉवरमधून त्यातली बरीचशी वाफेने जाते: दिवसाला साधारण १५ दशलक्ष लिटर. क्षार वाढू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं, ते ५ धरा. एकूण २० दशलक्ष लिटर रोज. कोराडीला भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळण्याची योजनाच १३० दशलक्ष लिटरची होती. म्हणजे वीज बनवायला पाणी आहे.

पण सुरक्षेचं पाणी वेगळं. भट्टी बंद केल्यावरही उष्णता निघत राहते. तासाभराने साधारण १ टक्का, म्हणजे ८ मेगावॅट. दिवसाने साडेतीन. महिन्याने एक. ही उष्णता नुसती पाणी उकळून घालवायची झाली तर पहिल्या दिवशी साधारण १६० घनमीटर, महिनाभरात सतराशे ते दोन हजार. १०,००० लिटरचा टँकर धरला तर पहिल्या दिवशी सोळा टँकर. आकडा लहान वाटतो, पण त्या दिवशी टँकर येऊ शकणार नाहीत असंच धरायचं असतं. अमेरिकी मार्गदर्शिकेत ३० दिवसांचं पाणी धरतात. म्हणून हे दोन हजार घनमीटर आवारातच, भूकंप सोसणाऱ्या टाकीत, उंचीवर, पंपाशिवाय उतरेल असं. सांडपाण्याच्या पाइपलाइनवर यातला एक थेंबही अवलंबून ठेवायचा नाही. चर्चेत २० दशलक्ष लिटरवर तासभर भांडण होतं आणि या टाकीबद्दल कोणी विचारत नाही.

नकाशाकक्ष
+१. टाकी कुठे आहे हे लेआउट प्लॅनवर दाखवा, एवढं जरी मागितलं तरी पुरे.

थर्मलवाले_आबा
आणखी एक मुद्दा, विमानतळ आणि स्फोटकं.

स्क्रीनिंगची, म्हणजे जागेच्या पहिल्या चाळणीची, अंतरं: छोटी धावपट्टी ५ किमी, मोठा विमानतळ ८, लष्करी धावपट्टी १५. सोनेगावला नागरी विमानतळ आणि वायुदल दोन्ही. कोराडी तिथून साधारण १८ किमी, म्हणजे सुटते. लक्षात घ्या, हे अंतर मोडलं म्हणजे जागा लगेच बाद असं नाही, सविस्तर अभ्यास करावा लागतो.

स्फोटकांचं मात्र नागपुरात गांभीर्याने घ्यावं लागतं. अमरावती रस्त्यापासून काटोलकडे कारखाने आहेत आणि खाणींसाठी माल ट्रकने जातो. दाबाची लाट १ पीएसआयच्या खाली यायला लागणारं अंतर मीटरमध्ये: १८ गुणिले टीएनटीच्या किलोंचं घनमूळ. १० टनांचा ट्रक म्हणजे घनमूळ साडेएकवीस, अंतर साधारण ३९० मीटर. ६० टन असतील तर ७०० मीटर.

आता एक्स्क्लूजन झोन आठवा. १ किमी असताना सार्वजनिक रस्ता आपोआप या अंतराबाहेर राहत होता. अर्धा किमी केलात तर १० टनांचा ट्रक जेमतेम बाहेर, ६० टनांचा माल आत. म्हणजे हे क्षेत्र फक्त लोकांना भट्टीपासून वाचवत नाही, भट्टीलाही रस्त्यापासून वाचवतं. ते लहान करायचं असेल तर रस्ता वळवा किंवा भिंत त्या दाबासाठी बांधा. दोन्हीचा खर्च जमिनीच्या बचतीतून वजा करून दाखवा.

गणितसांज
आबा, हा मुद्दा बहुतेक अहवालांत वेगळ्या प्रकरणात असतो, म्हणून कोणी दोन्ही आकडे शेजारी ठेवत नाही.

वाऱ्याबद्दल थोडं. कोराडी शहराच्या उत्तरेला. हिवाळ्यात आपल्याकडे वारा मंद आणि बराचसा उत्तर-पूर्वेच्या बाजूचा, रात्री हवा स्थिर. म्हणजे सगळ्यात वाईट वर्ग आणि शहराकडची दिशा एकाच हंगामात येतात. वर्षाची सरासरी वारादिशा काढली तर पावसाळ्यातला पश्चिमेचा जोरदार वारा हे झाकून टाकतो. म्हणून १६ दिशांचा, साडेबावीस अंशांच्या भागांचा तक्ता हंगामवार मागायचा, आणि शांत तासांची टक्केवारी वेगळी. शांत तास सरासरीत कसे मोजले हेही विचारायचं. काही ठिकाणी ते वगळतात आणि आकडा छान दिसतो.

पळसफूल
कोणत्याही जागेवर जनसुनावणी लागली तर काय मागायचं, ते एका जागी लिहून ठेवूया. पर्यावरणाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सूचना किमान ३० दिवस आधी आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. ती सुनावणी पर्यावरणाची, किरणोत्सर्गी सुरक्षेचा निर्णय एईआरबीच्या जागा-मंजुरीत होतो. दोन्हींची गल्लत करून चुकीच्या ठिकाणी प्रश्न विचारला की "हा आमचा विषय नाही" असं उत्तर मिळतं.

गणितसांज
माझ्याकडून: आवारात शेवटी किती भट्ट्या, आणि मात्रेचा हिशोब त्या सगळ्यांसाठी एकत्र केला का. वापरलेल्या इंधनाचा तलाव त्या हिशोबात आहे का. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, त्याचा साठा भट्टीच्या शक्तीवर ठरतो. सीझियम-१३७ निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात आणि ते तलावात साठत जातं. नैसर्गिक युरेनियमची भट्टी चालू असतानाच इंधन बदलते, टनामागे फक्त ७,००० मेगावॅट-दिवसांच्या आसपास ऊर्जा घेते, म्हणून बाहेर पडणाऱ्या इंधनाचे टन जास्त. दहा वर्षांनी त्या आवारातलं बहुतेक सीझियम भट्टीत नसतं, तलावात असतं. भट्टी छोटी असली तरी तलाव किती वर्षांचं इंधन धरतो, ते छोट्या भट्टीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

नकाशाकक्ष
माझ्याकडून: ५ किमीच्या आतले गट नंबर, आणि त्या यादीवर नियोजन प्राधिकरणाची सही. १६ किमीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची बाहेरची आणीबाणी योजना, तिच्या सरावाची तारीख. हा सराव दर दोन वर्षांनी व्हायचा असतो. आणि रस्ते: खापरखेडा ते कामठी या पट्ट्यात नदीवरचे पूल मोजा. पूल हीच अडकण्याची जागा.

भूगर्भवाट
खाणींचे जुने नकाशे, बोअरच्या नोंदी आणि ते बोअर नकाशावर नेमके कुठे घेतले.

कन्हानकाठ
यादी वर पहिल्या पोस्टमध्ये जोडतो. मौद्यासाठी वस्तीच्या कडेपासूनचं अंतर मोजायचं काम बाकी आहे. पारडी आणि भंडारा दोन्ही बाजूंनी, मी उपग्रह नकाशावर रेषा काढून आकडे इथेच टाकतो.